धुराच्या वासाचं औषध

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, प्रेसमधल्या मित्रांना नाही. आणि ज्या बाईला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आठ वर्षं झाली. आता तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

सुरुवात एका साध्या गोष्टीने करतो. माझे सगळे दात शाबूत आहेत. एकही कधी दुखलेला नाही. तरीही गेली आठ वर्षं माझ्या सदऱ्याच्या खिशात लवंगेच्या तेलाची छोटी बाटली असते. कशाला? तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील नागपुरात इतवारीतल्या एका ट्रेडल प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवायचे. शाई फासलेले, वाकडे छापलेले कागद ते घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूला मी गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकलो. 'बंधू-भगिनींनो' हा बहुधा मी वाचलेला पहिला शब्द. संपाची पत्रकं, निवडणुकीची, सभेची, निषेधाची. पत्रकात जगातल्या गोष्टी दोनच प्रकारच्या असतात — ज्यांचा धिक्कार करायचा त्या आणि ज्यांचा विजय असो म्हणायचं त्या. मला हे सोयीचं वाटायचं. विसाव्या वर्षी मी स्वतःची पत्रकं लिहायला लागलो होतो, आणि ती चांगली होती. उगाच नम्रपणा कशाला? लोक ती चौकात थांबून मोठ्याने वाचायचे.

म्हणूनच विणकरांच्या सोसायटीने मला लिखापढीसाठी बोलावलं. आमच्याच वस्तीतली हातमागवाल्यांची सोसायटी ती. दर रविवारी चार वाजता तिच्या ऑफिसात आठवड्याचं सूत वाटलं जायचं. पुष्कळ घरांतले मागही सोसायटीच्याच मालकीचे होते. विणकर ते वापरायचा, लुगडी विणून द्यायचा आणि मजुरी घ्यायचा. अडचण अशी, की काही जण घरी आणलेलं सूतच मोहाच्या भट्टीवर देऊन यायचे. बायका वैतागल्या होत्या. त्यांनी एक समिती काढली आणि एक नियम ठरवला. तो नियम मी कागदावर आणला, मीच छापून घेतला, भिंतीवर चिकटवलाही मीच. सूत घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाने दारात तोंड हुंगू द्यायचं. वास आला तर पहिल्या वेळी त्या आठवड्याचं सूत बंद. दुसऱ्या वेळी महिन्याचं. तिसऱ्या वेळी नाव कमी, आणि सोसायटीचा माग परत. शेवटचं वाक्य माझं होतं: 'तिसऱ्या वेळेला कोणतेही कारण ऐकून घेतले जाणार नाही.' बायका म्हणाल्या होत्या, कारण तरी ऐकू या. मी म्हणालो, कारणं ऐकत बसलं की नियम मरतो. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

आणखी एक कलम मी हट्टाने घातलं होतं. हुंगणं सेक्रेटरीपासून सुरू व्हायचं. सोसायटीचा सेक्रेटरी मीच होतो.

दारात गिरजाबाई पराते बसायच्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं गोंदण. त्यांचं नाक — त्याच्याविषयी काय सांगू? रंगाऱ्याकडून आलेलं सूत हुंगून रंग पक्का की कच्चा ते त्या सांगायच्या. माणूस समोर येऊन 'हाऽ' करायचा, आणि त्या डोळे मिटून निकाल द्यायच्या. "कांदा. जाय." "बिडी. जाय." एकदा एकाने मूठभर बडीशेप चावून तोंड उघडलं. गिरजाबाई म्हणाल्या, "बडीशेप वरून हाये गा, मोह खालून हाये. हा हप्ता सूत बंद." सगळी रांग हसली. तोही हसला. त्यांच्या निकालावर कुणी वाद घातल्याचं मला आठवत नाही, आणि त्याला कारण होतं. त्यांचा पहिला निकाल स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध होता.

नवऱ्याचं नाव नामदेव. किनारीचं काम इतकं बारीक करायचा की उमरेडचे लोक पाहायला यायचे. पहिल्याच रविवारी तो रांगेत आला, त्याने तोंड उघडलं, आणि गिरजाबाई वळून आत म्हणाल्या, "यानं घेतली. सूत नका देऊ." त्या आठवड्यात त्यांच्या घरी काय शिजलं असेल? त्यांनी ते कधी काढलं नाही. चार महिन्यांनी दुसऱ्यांदा तसंच झालं. त्यानंतर नामदेवने सोडली. चौदा महिने थेंब घेतला नव्हता. रांगेत आला की बायकोसमोर गरजेपेक्षा मोठं तोंड उघडायचा, मागचे ओरडायचे, "अबे, दात मोजाले नाही लावले तिनं!" आणि गिरजाबाई त्याच्या गालावर चापट मारून म्हणायच्या, "जाय."

आता दुसरी बाजू.

त्याच वर्षी मी दर रविवारी सकाळी सिव्हिल लाईन्समध्ये एका घरी जात होतो. दातारसाहेब हे रामटेककडच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले इंजिनियर. तरुणपणी स्कॉटलंडमध्ये शिकलेले. त्यांना विदर्भातल्या दगडांवर मराठीत पुस्तक लिहायचं होतं आणि मराठी लिहायचा सराव राहिला नव्हता. ते सांगायचे, मी लिहून घ्यायचो. अकराच्या सुमारास काम थांबायचं. ते कपाटातून एक बाटली काढायचे, दोन बोटांच्या पेरांएवढा काचेचा पेला घ्यायचे आणि त्यात जेमतेम तळ झाकेल इतकं ओतायचे. तिकडचा कुणी वर्गमित्र दर एक-दोन वर्षांनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती एक बाटली पाठवायचा. तेवढी त्यांना वर्षभर पुरायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उभा राहून भाषण केलं. खरंच केलं. श्रमिकांच्या रक्तापासून सुरुवात करून कुठवर गेलो होतो कोण जाणे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पिऊ नकोस. नुसता वास घे. नावं ठेवायची तर आधी ओळख तरी करून घे."

मी वास घेतला. धूर. चुलीचा नाही, लाकडाचाही नाही. काहीतरी ओलं आणि जुनं जळत असावं असा.

त्यांनी सांगितलं की तिकडच्या काही बेटांवर झाडं फारशी नाहीत. लोक दलदलीतली काळी माती विटांसारखी कापतात आणि वाळवून जाळतात. पीट म्हणतात तिला. हजारो वर्षांचं कुजलेलं गवत असतं ते. मोड आलेले सातू त्या धुरावर वाळवतात, म्हणून दारूत धूर उतरतो. एकाच भट्टीतली, फक्त सातूची, दुसऱ्या कुठल्या भट्टीची न मिसळलेली — म्हणून सिंगल माल्ट. दगडांचा माणूस तो. ही दारू म्हणजे माती पिणं आहे असं त्याचं म्हणणं होतं. मग म्हणाले, "आता सांग, वास कसा आहे? आणि चांगला-वाईट असं सांगू नकोस. ते शब्द नव्हेत."

इथे मी अडकलो. लक्षात घ्या, दारूने मला गाठलं नाही. त्या प्रश्नाने गाठलं. चांगला-वाईट सोडून माझ्याकडे शब्दच नव्हते. धिक्कार आणि विजय, एवढीच माझी बाराखडी. घरी येऊन मी एक वही केली.

तीन रविवार मी फक्त हुंगलं. चौथ्या रविवारी जिभेवर घेतलं. आधी झोंबतं, मग गोड, मग मीठ, आणि गिळल्यानंतर बऱ्याच वेळाने — माणूस दुसरंच काही बोलत असताना — धूर वर येतो. त्यांनी दोन थेंब पाणी घालायला शिकवलं. पाण्याने वास मोकळा होतो. तोंडात घोळवून थांबायला शिकवलं. वहीत शब्द वाढत गेले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या रोडग्याची राखेत काळी पडलेली पापडी. मे महिन्यातलं रस्त्यावरचं वितळलेलं डांबर. जळता बिब्बा. ओलं पोतं. आडाच्या दोराचा हाताला राहतो तो वास. सतराव्या-अठराव्या पानापर्यंत मी आलो होतो. इतकं खरं मी तोपर्यंत दुसरं काहीच लिहिलं नव्हतं.

मला आवडायला लागलं होतं. हे सांगायलाच हवं. ते पिणं हा माझा गुन्हा, असं मी आजही मानत नाही — तेवढ्यावर सुटलो असतो तर बरं झालं असतं. पण अकराला तो पेला आणि चारला तो दरवाजा, ह्या दोन गोष्टी मी एका दिवसात करत होतो. भिंतीवरचं पत्रक माझं होतं. तोंडाला वास उरत नाही असं मी धरून चाललो होतो. वेलदोडा खायचो. मोहाची आणि संत्रा छापाची देशी ओळखणाऱ्या नाकाला हे काय कळणार?

एका रविवारी कळलं. मी 'हाऽ' केलं आणि गिरजाबाईंनी डोळे उघडले. पुन्हा वास घेतला.

"काहून गा भाऊ, तोंडाले टिंचर लावलं काय?"

"टिंचर?"

"दवाखान्यातलं. अन् धूर बी हाये त्याच्यात. धुराच्या वासाचं टिंचर."

"दात दुखून राहिला बाई," मी म्हणालो. "औषध हाये दाताचं."

"मंग काढून टाका ना तो दात. जा."

इतकं सोपं होतं ते. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो. नंतर हा किस्सा मी दातारसाहेबांना सांगितला, तेव्हा ते मोठ्याने हसले, आणि हसता हसता गंभीर झाले. "अरे, आयोडीन! समुद्राकाठच्या पीटमध्ये तोच वास असतो. मुरलेली माणसं हाच शब्द वापरतात. दहा महिने तू दोर आणि पोती करतो आहेस, आणि त्या बाईने एका श्वासात सांगितलं. तिचं नाक तुझ्यापेक्षा कितीतरी वरचं आहे." मी मान डोलावली. घरी येऊन वहीत लिहिलं: टिंचर. कुणाचा शब्द ते लिहिलं नाही.

त्याच सुमारास साहेबांनी मला ती दारू थोडीशी एका औषधाच्या बाटलीत काढून दिली. तपकिरी बाटली, बाजूला मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी. आठवडाभर नुसतं बूच काढून हुंगत जा, म्हणाले, रोज वेगळं सापडेल. मी ती खोलीतल्या फळीवर उघड्यावर ठेवली. औषधाचीच तर बाटली होती — कोण काय म्हणणार?

नामदेव आला तो रविवार उन्हाळ्यातला होता. दुपारी एकची वेळ. मी साहेबांकडून नुकताच परतलो होतो. त्याचा उजवा गाल मोठ्या लिंबाएवढा सुजला होता. डोक्याला आणि हनुवटीला मिळून गमछा बांधलेला.

"भाऊ, तीन दिवस झाले झोपलो नाही. गिरजी म्हणे, तुमच्यापाशी धुराच्या वासाचं औषध हाये. टिंचरावानी. मले थोडकसं द्या ना." बोलता बोलता त्याची नजर फळीवर गेली. "हेच ना?"

आता तुम्ही सांगा. 'ते औषध संपलं' म्हणता आलं असतं. 'दुसरं आहे ते' म्हणता आलं असतं. बाजारातून लवंगेचं तेल आणून देता आलं असतं — दहा मिनिटांची वाट. यातलं एकही मला त्या क्षणी सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. तिन्ही गोष्टी सुचल्या होत्या. पण त्यातल्या कशानेही त्याच्या मनात शंका येईल अशी भीती वाटली, आणि कापसाच्या बोळ्याने काय होणार असंही वाटलं. मी बूच काढलं, बोळा भिजवला, त्याच्या हातात दिला.

त्याने तो दाढेत दाबला. डोळ्यांत पाणी आलं. मग तो थांबला.

"झोंबते बा." थोडा वेळ तो जिभेने गाल चाचपत राहिला. "भाऊ — याच्यात दारू तं नाही ना?"

चौदा महिने न प्यालेला माणूस हा प्रश्न कसा विचारतो, ते मी पाहिलं आहे. त्याच्या दोन वेळा होऊन गेल्या होत्या, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तिसरीला माग जाणार होता. तो खोटं ऐकायला आला नव्हता. मी 'हो' म्हटलं असतं तर त्याने तिथेच बोळा थुंकला असता, चूळ भरली असती, आणि कदाचित कुणालाही काही सांगितलंही नसतं. तसा होता तो.

मी म्हणालो, "नाही."

त्याला बरं वाटलं. दात सुन्न झाला असावा. त्याने आणखी एक बोळा भिजवून मागितला, चारच्या सुमाराला लावायला. तोही मी दिला.

चार वाजता हुंगणं माझ्यापासून सुरू झालं. "आज बी दुखतेच काय?" गिरजाबाई म्हणाल्या. मी आत गेलो. टेबलावर सुताच्या लडी, रजिस्टर, माझं पेन. रांगेत नामदेव बारावा-तेरावा असेल. त्याने सुजलेलं तोंड जमेल तेवढं उघडलं आणि गिरजाबाई हसल्या. "हे तं भाऊचं औषध हाये. आलं ना कामी? जाय."

"थांब वं गिरजा."

हे निनावे हवालदार. अबकारी खात्यातून निवृत्त झालेले, समितीतले एकमेव पुरुष सभासद. ते उठून आले, नामदेवच्या तोंडाशी वाकले, मग त्याला बोळा काढायला लावला आणि तो दोन बोटांत धरून हुंगला. "मी जिंदगीभर अबकारीत नाक घासलं. मोठमोठ्या साहेबांच्या गाडीतून पकडलेल्या बाटल्या सीलबंद केल्या. हे औषध नाही. विलायती दारू हाये ही. महागाची."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "नामदेव विलायतीवर गेला का बे!"

नामदेव घाबरला नव्हता. त्याला उत्तर माहीत होतं ना. "भाऊनं देल्लं," तो म्हणाला. "दातासाठी. विचारा भाऊले."

सगळे माझ्याकडे वळले. गिरजाबाईही. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "खरं हाये. आत्ता भाऊच्या तोंडाले बी हाच वास होता. नेहमीच असते."

इथे मला थांबावंसं वाटतं. पण इथे थांबलो तर तुम्ही माझ्याविषयी जे मत कराल ते खरं असणार नाही.

मी वस्तीतल्या माणसांशी नेहमी वस्तीतलं बोलायचो. त्या क्षणी माझ्या तोंडून छापील भाषा आली. "माझं औषध लवंगेचं तेल आहे," मी म्हणालो. "नामदेवने ते कुठून आणलं, मला माहीत नाही. गिरजाबाईंचा काहीतरी गैरसमज होतो आहे."

एखादं पत्रक वाचून दाखवावं इतकं ते स्वच्छ बाहेर पडलं. आवाज कापला नाही.

मला वाटलं, आता निनावे माझ्याजवळ येतील. दोन पावलांचं अंतर होतं. त्यांनी वाकून हुंगलं असतं तर संपलं होतं. कलम माझंच होतं, सेक्रेटरीपासून सुरुवात. पण ते माझ्याकडे आलेच नाहीत. गिरजाबाईंकडे वळले. "भाऊवर काहून ढकलतं वं? नवऱ्याले वाचवाले?"

बायकांमध्ये कुजबूज झाली. एक म्हणाली, शेवटी नवरा तो नवराच. दुसरी म्हणाली, तरीच चौदा महिने वास आला नाही. गिरजाबाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी सांगतो — त्यांच्या तोंडावर राग नव्हता. रंगाऱ्याच्या सुताचा वास घेताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा होता. ओळखण्याचा. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दाराजवळचा पाट रिकामा सोडून घरी गेल्या. नामदेव तिथेच उभा. त्याला अजून वाटत होतं की मी काहीतरी बोलीन. "भाऊ," तो एकदाच म्हणाला. "भाऊ, आठवा ना."

तिसऱ्या वेळेला कोणतेही कारण ऐकून घेतले जाणार नाही. रजिस्टरमध्ये ठराव मी लिहिला. सेक्रेटरीचंच काम ते. 'श्री. नामदेव पराते यांचे नाव कमी करण्यात येत आहे. श्रीमती गिरजाबाई पराते यांना तपासणीच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.' अक्षर नेहमीसारखं आलं.

मंगळवारी चार जण जाऊन माग सोडवून घेऊन आले. मी गेलो नाही. गेलेल्यांनी सांगितलं की नामदेवने स्वतःच खुंट्या काढून दिल्या, लाकूड फाटू नये म्हणून.

आणि मग — हे कदाचित तुम्ही वाचलं असेल. 'तिसरी वेळ' नावाचं एक पत्रक त्या वर्षी नागपुरात खूप फिरलं. स्वतःच्या माणसालाही न सोडणाऱ्या समितीविषयीचं. नाव नव्हतं त्यात, पण वस्तीत नावाची गरज नव्हती. पतीच्या मोहाने आंधळं झालेलं एक नाक, असं एक वाक्य होतं त्यात. लोकांना ते पाठ झालं होतं. वर्धेच्या सभेत एकाने ते म्हणून दाखवलं. पुढे त्यावरून मला एका मासिकाने लिहायला बोलावलं, त्यातून पुस्तक झालं. मला लेखक म्हणून जे कुणी ओळखत असतील, ते त्या वाक्यापासून ओळखतात. ते मी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

साहेबांकडे मी पुढेही दीड वर्ष जात राहिलो, पुस्तक पूर्ण होईपर्यंत. पेलाही घेत राहिलो. चव बिघडली, घशाखाली उतरेना — असं काही झालं नाही. झालं असतं तर सांगितलं असतं. उलट त्या वर्षी मला धुरामागचा गोडवा वेगळा ओळखता यायला लागला. फक्त चारला जाण्याआधी डाव्या दाढेला लवंगेचं तेल चोळायला लागलो. पहिल्या रविवारी भीतीने. नंतर नव्या तपासणीवाल्या बाईला ते अपेक्षितच झालं. "लवंग. जा," ती म्हणायची. तिचं नाक साधारण होतं. ती समिती दोन वर्षांत बंद पडली.

नामदेव संत्र्याच्या बाजारात पेट्या ठोकायच्या कामाला लागला. लोक म्हणतात, आता पितो. लोक तेव्हाही म्हणत होते. मी विचारायला गेलेलो नाही.

त्यांच्या घरी मात्र एकदा गेलो, मतदार याद्यांच्या कामाने. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो. माग उचलून नेता येतो, खड्डा नेता येत नाही. त्या खड्ड्यात गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. घरात कुणी नव्हतं. मी दारातूनच यादीवर खूण केली आणि निघालो.

गिरजाबाई मागच्या महिन्यात पिठाच्या गिरणीवर भेटल्या. माझ्यापुढेच त्यांचा डबा होता. केस पांढरे झालेत. त्यांनी मागे वळून पाहिलं, ओळखलं, आणि सवयीने असेल, किंचित पुढे झुकल्या. गिरणीत सगळीकडे पिठाचा वास. तरी त्यांनी डोळे मिटले.

"आता लवंगच येते गा भाऊ," त्या म्हणाल्या. आणि आपला डबा घेऊन गेल्या.

मला बोलता आलं असतं. रस्ता सरळ होता, त्या सावकाश चालत होत्या. मी माझं दळण होईपर्यंत थांबलो.

त्यांचं नाक चुकलं नव्हतं. कधीच चुकलं नव्हतं. त्या बोळ्यावर जे होतं ते माझ्या बाटलीतलं होतं, नामदेवने मला विचारलं होतं, आणि मी 'नाही' म्हणालो होतो.